टॅबलेटला शंभर टक्के, माणसाला पन्नास

२०२५च्या जुलैत जपानच्या वरिष्ठ सभागृहाची निवडणूक झाली आणि ‘जपानी आधी’ म्हणणाऱ्या सान्सेइतो पक्षाने मुसंडी मारली. तेव्हापासून इथे जपानमध्ये आमच्या इमारतीतल्या एक आजी मला लिफ्टमध्ये गाठतात. “तुम्हा परदेशी लोकांना सरकार पैसे देतं म्हणे?” भांडायचा सूर नसतो. हवामानाची चौकशी करावी तसं विचारतात. मी सांगते की आमच्या उत्पन्नावर साधारण १० टक्के रहिवासी कर बसतो. १ जानेवारीला तुमचं नाव ज्या गावाच्या नोंदीत असेल त्या गावाकडे तो जातो, म्हणजे पालिकेला ६ टक्के आणि प्रांताला ४. तुमच्यासारखाच. आजी मान डोलावतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारतात.

पण सरकार पैसे देतं हे काही खोटं नाही. फक्त ते मला मिळत नाहीत, आमच्या नगरपालिकेला मिळतात. मी ते जरा जवळून पाहते, म्हणून हे लिहायला बसले.

आम्ही आधी निशिकासाईत होतो. तोक्योच्या एदोगावा वॉर्डातला हा भाग. वाय-टू-केच्या, म्हणजे २००० साल लागताना संगणक बिघडतील या भीतीच्या, धामधुमीत इथे भारतीय इंजिनियर येऊ लागले आणि राहिले. मूळ आपल्याकडचे योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. निशिकासाईत सरकारी मदतीची गरजच पडत नाही. कचरा कोणत्या वारी, बालरोगतज्ज्ञ कोण, घरमालक ‘भारतीय नको’ म्हणाला तर पुढे काय, सगळं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संध्याकाळपर्यंत सुटतं. नवऱ्याची नोकरी बदलली, आम्ही इबाराकी प्रांतातल्या एका लहानशा शहरात आलो आणि विचारायला कुणी उरलं नाही. भाषेच्या वर्गाला जाऊ लागले. दर शनिवारी, कोमिनकानमध्ये, म्हणजे गावच्या सार्वजनिक सभागृहात. पुढे त्या मंडळाने मला खजिनदार केलं. भारतीय म्हणजे गणित येणारच, या एका निकषावर! अनुदानाच्या पावत्या तेव्हापासून माझ्याकडे.

आता या पैशांची गोष्ट. डिसेंबर २०१८ मध्ये जपानने इमिग्रेशनचा कायदा बदलला. वृद्धांची शुश्रूषा, बांधकाम, शेती, हॉटेलं अशा कामांसाठी पाच वर्षांत कमाल ३,४५,००० माणसं आणायचं ठरलं आणि नवा व्हिसा एप्रिल २०१९ पासून सुरू झाला. हे स्थलांतराचं धोरण नव्हे, असं पंतप्रधान आबे वारंवार सांगत होते. नाव काहीही द्या, माणसं येणार होती, आणि कागद घेऊन ती उभी राहणार होती पालिकेच्याच दारात. म्हणून केंद्राने पालिकांना सल्ला-खिडकी उघडण्यासाठी अनुदान काढलं. एकाच ठिकाणी व्हिसा, शाळा, दवाखाना, घर, सगळ्याची विचारपूस, आणि तीही अकरा भाषांत. त्या पहिल्या अकरांत नेपाळी होती, हिंदी नव्हती. भारतीयांना इंग्रजी येतं असं धरलेलं असणार. इंजिनियरला येतं हो, पण नातवाला सांभाळायला आलेल्या त्याच्या आईला?

खरी गंमत अनुदानाच्या रचनेत होती. खिडकी उभारायचा खर्च केंद्र पूर्ण देणार, १ कोटी येनपर्यंत. ती चालवायचा खर्च निम्मा देणार, त्यालाही मर्यादा. उरलेलं पालिकेने पाहावं. पहिल्या फेरीत परदेशी रहिवासी भरपूर असलेल्या पालिकाच पात्र होत्या, पुढे अट सैल झाली. काउंटर, बहुभाषी पाट्या आणि व्हिडिओवर दुभाषी दाखवणारे टॅबलेट पुऱ्या पैशांत बसतात. काउंटरमागे बसणारी बाई अर्ध्यात.

आमच्याकडची बाई ब्राझीलमध्ये जन्मलेली, जपानी वंशाची. नव्वदच्या दशकात आईवडिलांबरोबर लहानपणी आली, वडील कारखान्यात. तिची नेमणूक एका आर्थिक वर्षाची असते. एप्रिलमध्ये सुरू, ३१ मार्चला संपली, मग पुन्हा अर्ज. २०२०पासून देशभरच्या पालिकांत अशा कर्मचाऱ्यांसाठी ही वार्षिक पद्धत लागू आहे. पगार यथातथाच.

ती काय करते हे एकदा पाहायला हवं. एक भारतीय कुटुंब मुलाचं लसीकरणाचं कार्ड घेऊन आलं. आपल्याकडची पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांवरची एकत्रित लस, आणि इथली मिश्र लस यांतले घटक सारखे नाहीत, त्यामुळे कुठला डोस झाला आणि कुठला राहिला हे डॉक्टरच्या रिसेप्शनला कळेना. टॅबलेटवरच्या दुभाष्याने आईचं प्रत्येक वाक्य चोख सांगितलं. पण आईला मुळात काय विचारायचं हेच माहीत नव्हतं. या बाईने कार्ड समोर ठेवून तक्ता बनवला, आरोग्यकेंद्राला फोन लावला, वेळ घेतली, आणि जाताजाता मुलाच्या शाळेचं काय झालं ते विचारलं. परदेशी मुलांना इथे शिक्षण सक्तीचं नाही. पालकांनी स्वतः शाळेसाठी अर्ज केला नाही तर कुणी विचारायला येईलच असं नाही. २०१९ मध्ये शिक्षण मंत्रालयाने पहिल्यांदाच देशभर मोजणी केली तेव्हा जवळपास २० हजार मुलं शाळेबाहेर असण्याची शक्यता निघाली. तो अर्ज त्याच दिवशी भरला गेला. हे काम अनुदानाच्या अहवालात ‘सल्ला – १’ म्हणून जातं.

पालिकांना हे नवीन नाही. १९९०च्या कायदाबदलानंतर ब्राझील आणि पेरूहून जपानी वंशाचे कामगार मोठ्या संख्येने आले, कारखान्यांच्या गावांत राहिले. शाळा, विमा, कचरा, शेजाऱ्यांची भांडणं सगळं त्या गावांच्या गळ्यात पडलं. शेवटी २००१ मध्ये १३ शहरांनी हामामात्सुमध्ये जमून जाहीरनामाच काढला: हे एकट्या गावाचं काम नाही, केंद्राने उतरावं. केंद्राने २००६ मध्ये पालिकांना परदेशी रहिवाशांबरोबरच्या सहजीवनाचे आराखडे बनवायला सांगितलं. मग मंदी आली, त्याच कामगारांच्या नोकऱ्या गेल्या, आणि २००९ मध्ये सरकारने हात सैल सोडला. मायदेशी परतणाऱ्याला ३ लाख येन, कुटुंबातल्या प्रत्येकी २ लाख. अट एवढीच, की त्याच व्हिसावर इतक्यात परत यायचं नाही. लिफ्टमधल्या आजींना हे अजून सांगितलेलं नाही.

आमच्या वर्गाचे पैसे वेगळ्या नळातून येतात. जपानी भाषाशिक्षणाचा कायदा जून २०१९चा. केंद्र प्रांताला देतं, प्रांत पालिकेला, आणि झिरपत झिरपत आमच्यापर्यंत. शिकवणारे सगळे स्वयंसेवक, बहुतेक निवृत्त. माजी बँक कर्मचारी आहेत, एक परिचारिका आहेत, सत्तरीतल्या. झेरॉक्स चालतात, हॉलचं भाडं चालतं, बाहेरच्या तज्ज्ञ व्याख्यात्याचं मानधन चालतं. चहा-बिस्किटं चालत नाहीत. पावतीवर मंडळाचं नाव हवं. दुकानदाराने नुसतं ‘ग्राहक’ लिहिलं की पावती बाद. मंजुरीचं पत्र उन्हाळा लागल्यावर येतं, वर्ष एप्रिलला सुरू झालेलं असतं. मधले महिने सभासदांच्या वर्गणीवर. आणि मार्चमध्ये उरलेला पैसा परत, म्हणून फेब्रुवारीत गरज नसलेले शब्दकोश घ्यायचे. आमच्या कपाटात एकाच शब्दकोशाचा गठ्ठा आहे, कुणाला हवा असल्यास या.

माझं म्हणणं सरळ आहे. प्रमाण उलटं करा. माणसाचा पगार पूर्ण द्या, यंत्रं अर्ध्या पैशांत पालिका घेईल. पालिकेतल्या एका अधिकाऱ्यासमोर मी हे बोलले. त्यांचं उत्तर वावगं नव्हतं: टॅबलेट एकदा घेतला की संपलं, पगार दरवर्षी लागतो, आणि केंद्राने एका वर्षी हात आखडला तर आम्ही त्या बाईला काय सांगायचं? बरोबर आहे. पण आताही दर मार्चला तिला तेच सांगितलं जातं. शिवाय परदेशी रहिवाशाला इथे पालिकेच्या निवडणुकीतही मत नाही. पुराणिक उभे राहिले ते जपानी नागरिकत्व घेतल्यावरच. खिडकीचे तास कमी झाले म्हणून कुठल्या नगरसेवकाची एक जागा हलत नाही.

यंदाच्या अर्जात आम्ही त्या बाईंसाठीच पैसे मागितले. शनिवारी दोन तास वर्गाला यावं, लोकांची पत्रं वाचून द्यावीत. पालिकेतून फोन आला की असा खर्चाचा प्रकार यादीत नाही, पण व्याख्यान ठेवलंत तर व्याख्यात्याचं मानधन देता येईल. मी तिला विचारलं. ती म्हणाली, व्याख्यान मला देता येत नाही, पत्रं घेऊन या.