चावणारा कूलर

नवतपाचा, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतला, तिसरा दिवस. दुपारी दोनच्या सुमारास नागपूरच्या महाल भागातल्या एका वाड्यातून फोन आला. "एसी थंडा करत नाही, गॅस भरायला या." त्या दिवशी माझ्या डायरीत आधीच सात तक्रारी होत्या आणि त्यातल्या पाच गॅसच्याच. मे संपत आला की आमचं गिऱ्हाईक रोग सांगत नाही, थेट औषध सांगतं.

दुपट्टा बांधून गाडी काढली. केळीबाग रोडवर चिटपाखरू नव्हतं.

वाडा जुना, लाकडी जिन्याचा. वरच्या मजल्यावर काका-काकू दोघंच राहतात. मुलगा पुण्याला असतो. मागच्या वर्षी त्यानं एक टनाचा इन्व्हर्टर एसी पाठवून दिला होता. दाराशी बूट-मोजे काढले आणि आत गेलो. घरात जाताना पादत्राणं बाहेर काढायची, हा आपला रिवाज. आमच्या धंद्यात तो कधी महागात पडू शकतो, हे त्या दिवशी कळलं.

खोलीत शिरलो आणि शर्ट अंगाला चिकटला. बाहेर ४५ अंशांची कोरडी ठणठणीत हवा आणि आत थेट कोकण. भिंतीवर एसी चालू, १८ वर लावलेला. समोरच्या खिडकीत पत्र्याचा जुना कूलर, तोही चालू. एसीच्या ड्रेनचा पाइप बादलीत सोडलेला आणि बादली काठोकाठ.

"दोन्ही काहून लावले काका?"

"नुसता कूलर लावला तर चिकचिक होते. नुसता एसी लावला तर आमच्या हिला सोसत नाही. म्हणून दोन्ही."

यंदा दोनदा गॅस भरून झाला होता. माणूस आला, गेज लावलं, पैसे घेऊन गेला. आता गॅस म्हणजे काही गाडीतलं पेट्रोल नाही की चालवलं की संपेल. तो बंद नळीतच फिरतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, ती आधी शोधायची. मी गेजला हातही लावला नाही. आधी थर्मामीटर काढला. एसीत शिरणारी हवा २९, बाहेर पडणारी १६. तेरा अंशांचा फरक. मशीन ठणठणीत होतं आणि बिचारं मरमर राबत होतं.

कूलर हवेत पाणी सोडत होता आणि एसी तेच पाणी गोळा करून बादलीत टाकत होता. एक लिटर वाफेचं पाणी करायला एसीची जवळपास पाऊण युनिटाएवढी थंडी खर्ची पडते, आणि एक टनाच्या मशीनची तासाभराची सगळी ताकद साडेतीन युनिटांची. बादलीच जर तासाला दोन-तीन लिटरनं भरत असेल, तर खोलीच्या वाट्याला काय उरणार?

पण कूलर एवढा दमट का? नागपूरच्या मेमध्ये कूलरनं चिकचिक होणं म्हणजे जावयानं सासुरवाडीला उपाशी राहणं. दुपारच्या हवेत ओलावा वीस टक्क्यांच्या आतबाहेर असतो. ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंना पाण्यानं भिजणारे गवताचे थर, चांगल्या असतील तर ४५ ची हवा २८-२९ ला उतरते. अट एकच, आलेली हवा दुसरीकडून बाहेर जायला हवी. मी वर पाहिलं. दारावरच्या झरोक्याला नवीकोरी प्लायवूडची फळी ठोकलेली होती.

"एसी बसवला तेव्हा सुताराकडून बुजवून घेतलं," काका म्हणाले. "थंडी बाहेर जाऊ नये म्हणून."

एसी आला म्हणून झरोका बुजला, झरोका बुजला म्हणून कूलर घुसमटला, आणि घुसमट होते म्हणून जोडीला एसी. अर्धा उलगडा तिथंच झाला. मीही जरा खुशीत आलो. ताट्या बघाव्यात म्हणून डावा हात खिडकीच्या गजाला धरला आणि उजव्या हातानं कूलरची बाजूची जाळी ओढली.

पुढचं मला नीट आठवत नाही. दोन्ही दंड आखडल्यासारखे झाले, दात एकमेकांवर आपटले आणि मी मागच्या दिवाणावर जाऊन पडलो. पाय अनवाणी, फरशी ओली आणि दोन्ही हात लोखंडावर. सोळा वर्षं हेच काम करतो. पोरांना रोज सांगतो, आधी प्लग काढा. स्वतः काढला नव्हता.

स्वयंपाकघरातून काकू धावत आल्या. "अरे बापा, सांगायचंच राहिलं! त्याला हात नको लावू, चावतो तो!"

कूलर चावतो हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पाणी भरायला काकूंची वेगळी रबरी स्लीपर होती आणि कूलरसमोर लाकडी पाट. कामवाल्या बाईलाही बजावून ठेवलेलं. म्हणजे दुखणं कळलेलं होतं, त्याच्याशी सोयरीक जमवून घेतली होती. महावितरण दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकबद्दल कानीकपाळी ओरडतं. ऐकतो आपण, पाट ठेवतो आणि पाणी भरतो.

ग्लासभर पाणी प्यालो, बूट चढवले आणि कामाला लागलो. मीटरनं कूलरची बॉडी आणि अर्थिंग यांच्यात १७० व्होल्ट दाखवले. पण नुसत्या मीटरवर जायचं नसतं. अर्थिंग नसलेल्या पत्र्यावर डिजिटल मीटर कधी कधी भुताटकीचे व्होल्टही दाखवतो. मे २०२४ मध्ये आपल्याच नागपुरात एका स्वयंचलित केंद्रानं तापमान ५६ अंश दाखवलं होतं आणि मग हवामान खात्याला सेन्सर बिघडल्याचं सांगावं लागलं, तसंच हे. म्हणून टेस्ट लॅम्प लावला. बल्बची तार लाल झाली. मंद, निखाऱ्यासारखी. हे भूत नव्हतं, खरा करंट होता. पंखा बंद केला, बल्ब तसाच. पंपाचं बटण बंद केलं, बल्ब विझला.

प्लग काढून पंप बाहेर घेतला. बोअरच्या पाण्याचे क्षार त्याच्या जाळीवर चुन्याच्या पुटासारखे जमलेले. पाणी ओढायला जागाच नाही, त्यामुळे तापून तापून पंपाचं सील गेलेलं. आतलं वायंडिंग टाकीतल्या पाण्याला करंट देत होतं आणि टाकीचं पाणी पत्र्याला. कूलरच्या वायरला तीन पिनांचा प्लग होता, आत अर्थिंगची हिरवी वायर मात्र नखाएवढी कापून टेप मारलेली.

खटकत होतं ते वेगळंच. वाड्याचं वायरिंग दोनच वर्षांपूर्वी नवं झालेलं, मग करंट गळला की वीज तोडणारी आरसीसीबी नव्हती का? बोर्ड उघडला. होती, ३० मिलीअँपिअरची, चांगली होती. पण तिच्या खालून वर जोडतार टाकून तिला बाजूला काढलेलं.

"ती सारखी पडायची," काका म्हणाले. "कूलर लावला की पाच मिनिटांत अंधार. एका इलेक्ट्रिशियननं डायरेक्ट करून दिलं. तेव्हापासून कटकट नाही."

मी काही बोललो नाही. आरसीसीबी पुन्हा सर्किटमध्ये घेतली. टेस्टचं बटण दाबून पाहिलं, पडली. मग काकूंना बोर्डापाशी बोलावलं, तोच जुना पंप पाण्याच्या बादलीत सोडला, बादलीतल्या पाण्यातून एक वायर अर्थिंगला जोडली, सगळ्यांना लांब उभं केलं आणि बटण दाबलं. टक्! खोलीत अंधार.

"ही वेडी नव्हती काकू. हेच सांगत होती."

नवा पंप, वाळ्याच्या तीन ताट्या, नवा प्लग, अर्थिंगची वायर पत्र्याला बोल्टनं आवळून. फळी मीच उचकटली. काम चालू असतानाच मुलाचा फोन आला, दोन टनाचा एसी बसवायचं विचारत होता. म्हटलं, आता काही घेऊ नका. नवतपा कूलरवर काढू द्या. पावसाळ्यात कूलर चालत नाही, तेव्हा झरोका लावून घ्या आणि हाच एसी २४-२५ वर ठेवा. त्याला काहीसुद्धा झालेलं नाही.

"मग दोनदा गॅसचे पैसे घेतले ते?" काकांनी विचारलं.

मी ताट्या बसवत राहिलो.

साडेपाचला कूलर लावला. वाळ्याचा वास खोलीभर पसरला. झरोक्यातून हवा बाहेर जाताना जुनं कॅलेंडर फडफडायला लागलं, तेव्हा काका हसले. टेस्ट लॅम्प पुन्हा लावला, बल्ब काळाच. मग हात ठेवला. काकू दोन हात लांब उभ्या राहून बघत होत्या.

"या, ठेवा हात. आता नाही चावत."

त्यांनी एक बोट टेकवलं, लगेच काढलं, पुन्हा टेकवलं. मग अख्खा तळवा. पण निघताना मी जिन्यात बूट घालत होतो तेव्हा आत पाणी भरायची वेळ झाली होती, आणि काकू रबरी स्लीपर पायात सरकवत होत्या.

"काकू, आता कशाला?"

"राहू दे रे. सवय झाली त्याच्या स्वभावाची."