दागेस्तान नकाशा: ठिपके अखेर बर्फावरून उतरले

उतरले एकदाचे! रशियातल्या दागेस्तान प्रजासत्ताकात कुठे कोणता समाज राहतो हे मी ठिपक्यांच्या नकाशाने दाखवतोय, आणि त्यातल्या डोंगरी त्सुंता जिल्ह्याचे ठिपके आता कॉकेशसच्या मुख्य धारेवरच्या बर्फात बसलेले नाहीत. ज्यांनी आधीची पत्रकं पाहिली आहेत त्यांना तो विनोद आठवत असेल: तीन हजार मीटरवर, जिथे शेळीही टिकणार नाही, तिथे माझ्या नकाशात भरगच्च वस्ती होती.

मूळ मांडणी तीच ठेवली आहे. एक ठिपका म्हणजे ५० माणसं, ठिपक्याचा रंग म्हणजे समाज, आकडे २०१० च्या रशियन जनगणनेचे. २०२१ चे आकडे मी घेत नाही, त्यांच्यावर शंका घेणारे पुष्कळ आहेत आणि मीही त्यांतला एक. दागेस्तानचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जेमतेम सहाव्या हिश्शाएवढं, लोकसंख्या २९ लाख, आणि त्यात अवार, दार्गिन, कुमिक, लेझगिन, लाक, तबासरान, नोगाय, अझरबैजानी, चेचेन, रशियन... रंगपेटी संपते, माणसं संपत नाहीत.

खरी डोकेदुखी होती कुतानांची. डोंगरातली मेंढरं उन्हाळ्यात वर चरतात आणि हिवाळ्यात खाली कॅस्पियनच्या मैदानात येतात. आपल्याकडचे धनगर वाडा घेऊन कोकणात उतरतात तसंच म्हणा. फरक असा, की सोव्हिएत काळात डोंगरातल्या सामूहिक शेतांना मैदानातली कुरणं रीतसर नेमून दिली गेली. कुतान म्हणजे त्या कुरणांवरची हिवाळी ठाणी. पुढे तिथेच घरं झाली, शाळा झाल्या, कुटुंबं बारा महिने राहू लागली. जमीन बाबायुर्त, तारुमोव्का, किझल्यार या बाजूची, कारभार मात्र शंभर-दीडशे किलोमीटरवरच्या डोंगरी जिल्ह्याचा. अशी जमीन थोडीथोडकी नाही, सुमारे १५ लाख हेक्टर, म्हणजे प्रजासत्ताकाचा जवळजवळ तीन दशांश भाग.

आता क्यूजिसला, म्हणजे माझ्या नकाशाच्या सॉफ्टवेअरला, हे कोण सांगणार? जिल्ह्याचा पॉलिगॉन, म्हणजे सीमेची बंद आकृती, दिला की तो इमानदारीत त्याच्यातच ठिपके उधळतो. त्यामुळे मैदानात राहणारा अवार माझ्या नकाशात कड्यावर लटकत होता, आणि खालचा कुमिक-नोगाय पट्टा प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा कितीतरी एकरंगी दिसत होता. दुसरी चूक जास्त वाईट. मैदानातल्या जमिनीवरून कुमिक आणि डोंगरी समाजांत जी जुनी धुसफूस आहे, तिचं कारणच नकाशातून गायब होत होतं.

उपाय सुचायला साधा होता, करायला महाकंटाळवाणा. जिल्ह्याचा पॉलिगॉन फेकून दिला. ओएसएम (ओपनस्ट्रीटमॅप) या खुल्या नकाशावरून इमारतींचा लेयर घेतला, ठिपके फक्त इमारतींवर पडतील असा मास्क लावला, आणि गावनिहाय आकड्यांतून प्रत्येक कुतान हाताने शोधून त्याच्या मालक-जिल्ह्याला जोडला. ओएसएमवर निम्मे कुतान बिननावाचे आहेत. उपग्रहचित्रात लांबट गोठे आणि पाण्याचं तळं दिसलं की संशयित म्हणून खूण करायची, मग पडताळायचं.

याच झटापटीत काही गोड फळं हाती लागली. खासाव्युर्त जिल्ह्यात एक ठसठशीत लेझगिन बेट उमटलं: नवं कुरुश. अडीच हजार मीटरवरच्या मूळ कुरुशमधून १९५० च्या दशकात खाली आणलेले लोक. नोवोलाक जिल्हाही आता बोलतो. फेब्रुवारी १९४४ मध्ये तिथल्या चेचेनांना हद्दपार केलं आणि डोंगरातल्या लाकांना त्यांच्या घरांत आणून बसवलं. नंतर चेचेन परतले. लाकांना मखाचकलाच्या उत्तरेला नवी जागा द्यायचं १९९० च्या दशकापासून रखडत चाललंय. आधी तिथे दोन रंगांचा चिखल होता, आता कुठल्या गावात कोण हे सुटं दिसतं. आणि अर्ची हा चिमुकला समाज! जनगणनेत ते अवारांत विरघळतात, पण एकाच अर्चिब गावाच्या आसपास राहतात. त्यामुळे अवारांच्याच हिरव्याची वेगळी छटा देऊन वीसेक ठिपके त्यांना मिळवून दिले. आंदी, त्सेझ, हिनुख या छोट्या समाजांनाही तसंच. १९२६ च्या गणनेत यांतले बहुतेक वेगळे मोजले होते, १९३९ पर्यंत अवारांत जमा झाले. ती जमा मला मान्य नाही.

लेबलांसाठी मुक्ता फॉन्टच. मुंबईच्या एक टाइपचा हा फॉन्ट बारीक आकारातही ‘त्स’ आणि ‘ख्स’ सुटा ठेवतो, दुसरं काही वापरून बघण्यात अर्थ नाही. छपाईचं मात्र रडगाणं आहे. नेहमीच्या दुकानाने चकचकीत कागदावर काढून दिलं आणि दार्गिन व लाक एकच झाले. यापुढे मॅट कागद, आणि आधी हातभर नमुना.

ठरलं होतं की यानंतर दक्षिणेला, तबासरान-अगुल पट्ट्याकडे वळायचं. पण हे लिहितानाच वाटतंय, कुतान नुसते ठिपक्यांनी दाखवून भागणार नाही. डोंगरातल्या गावापासून त्याच्या कुतानापर्यंत एक बारीक रेघ ओढली तर? अख्खा नकाशा वरून खाली वाहताना दिसेल. अडचण अशी, की रेघ मालकीसारखी वाचली जाते, आणि मालकी हाच तर तिथला वाद. मग रेघेला बाणाचं टोक नाही, समाजाचा रंग नाही, फक्त फिकट करडी. तबासरान थांबतील.

त्यासाठी जुन्या सोव्हिएत लष्करी नकाशांपैकी के-३८ या विभागाची १:१,००,००० प्रमाणाची पत्रकं हवीत, बाबायुर्तच्या बाजूची. कुतानांची नावं त्यांत छापलेली असतात. माझ्याकडची प्रत इतकी धूसर स्कॅन झालीय की नद्या आणि नावं एकमेकांत मिसळलीत. कुणाकडे बरी असेल तर कळवा.