उजवा दिवा

नागपूर, रविवार, रात्रीचे साडेअकरा.

काटोलहून परत येऊन तीन तास झाले, तरी बोटांचा पॉलिशचा वास गेलेला नाही आणि दादा काहीच बोलला नाही, हे मनातून जात नाही.

आमच्या एचएमटी ट्रॅक्टरचे पुढचे दोन्ही दिवे मंद झाले होते. आंबिया बहाराची संत्री पहाटे नागपूरच्या कळमना बाजारात पोहोचवायची तर रात्रीच निघावे लागते, आणि तेवढ्या उजेडात रस्त्याची कड दिसत नाही, असे वहिनी दिवाळीपासून सांगत होत्या; म्हणून हे काम मी आपणहून अंगावर घेतले. बल्बमागच्या आरशासारख्या वाट्या, म्हणजे रिफ्लेक्टर, धुरकट दिसले आणि दोष तिथेच आहे असे मी ठरवून टाकले. उजव्या दिव्याची काच काढून पॉलिश लावले आणि मऊ फडक्याने घासू लागलो. मिनिटभरात फडके काळे झाले, तेव्हा मळ निघतो आहे असे वाटून मी आणखी जोर लावला. निघत होता तो मुलामा. चांदीचा मुलामा दिलेले जुने रिफ्लेक्टर घासून उजळता येत. हा मात्र ॲल्युमिनियमचा, निर्वात पोकळीत वाफ करून चढवलेला, मायक्रॉनच्याही अंशाइतका पातळ थर होता, ज्यावरची धूळ फक्त फुंकरीने उडवायची असते. हे मला खालचा पत्रा दिसू लागल्यावर कळले.

दादा गोठ्यातून आला, रिफ्लेक्टर उन्हाकडे धरून पाहिला, नखाने कड चाचपली आणि खाली ठेवला. तो रागावला असता तर बरे झाले असते. बाबांच्या वस्तूला हात लावण्याआधी विचारावे, एवढे तरी त्याने म्हणायला हवे होते. मी महिन्यातून एकदा जातो, चांगले करायला जातो, आणि माझ्या पदरी हे गप्प राहणे येते. बाबा असते तर... ते राहू द्यावे.

एचएमटीचे ट्रॅक्टर बनवणारा पिंजोरचा कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. आता मूळ भाग शोधावे लागतात. बाजारातला रिफ्लेक्टर व्यासाला जुळला तरी खोलीला जुळेलच असे नाही, आणि बल्बची तार एक-दोन मिलिमीटर जरी पुढेमागे झाली तरी झोत विस्कटतो. दुपारभर मी हाच हिशेब करत ओट्यावर बसलो होतो.

संध्याकाळी दादाने मल्टिमीटर आणला. दिवे लावून मोजले तर बॅटरीवर १२.४ व्होल्ट होते आणि बल्बच्या टोकांवर जेमतेम १०.१. व्होल्टेज दहा टक्क्यांनी पडले की बल्बचा प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. इथे तर त्याहून अधिक पडले होते. विजेचा परतीचा रस्ता ट्रॅक्टरच्या पत्र्यातूनच असतो, आणि अर्थिंगचा बोल्ट जिथे पत्र्याला टेकतो तिथे गंजाचा तांबडा पापुद्रा धरला होता. दादाने बोल्ट काढला, पॉलिश पेपरने पत्रा पांढरा होईपर्यंत घासला, वर थोडे ग्रीस लावून पुन्हा आवळला. दहा मिनिटांचे काम होते. म्हणजे माझे ते घासणे मुळात लागतच नव्हते, आणि हे त्याला सकाळीच ठाऊक असावे. मग त्याने मला थांबवले का नाही? की मी विचारीन म्हणून तो वाट पाहत होता?

तो प्रश्न घेऊन मी अंधारात गोठ्याच्या भिंतीसमोर उभा राहिलो. दिवे लागले. डावा पांढराशुभ्र पडला, उजव्याच्या उजेडात मी घासलेले गोल ओरखडे सावल्यांसारखे उमटले. मी म्हणालो, “दादा, माझं चुकलं.” तो म्हणाला, “रस्त्याची कड दिसाले पाह्यजे, बस.” त्याचा राग होता की नव्हता, हे मला अजूनही सांगता येणार नाही, पण त्या क्षणी ते जाणून घेण्याची निकड उरली नाही. त्याने पाना घेतला, डाव्या दिव्याचा बोल्ट सैल केला, आणि झोत भिंतीवर उजवीकडे हातभर सरकेपर्यंत मी दिवा धरून उभा राहिलो.