दुपारी बाराच्या आत

सोमवार, रात्री

मृग लागला. इकडे वाळवणं आत आली आणि तिकडे कुंझुम खिंडीवरचा बर्फ कापून रस्ता मोकळा करायचं काम एव्हाना आटपत आलं असेल. शिमल्याहून चढायचं, किन्नौर ओलांडून हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात शिरायचं, कुंझुम उतरून मनालीला बाहेर पडायचं. हा फेरा एकदा केलेल्या माणसाला दर जूनमध्ये थोडा ताप चढतोच. त्या रस्त्याची आठवण गावांपेक्षा वेळांनी लागते. पहाटे सहाला घोट्याएवढा नाला, अकराच्या सुमाराला सुटणारा वारा, दुपारी तीनला बंपरला लागणारं तेच पाणी. झोपेपर्यंत थोडं थोडं उतरवून ठेवायचं आहे.

पहिली गोष्ट दिशेची. मनाली जवळ वाटते म्हणून तिकडूनच शिरायची हौस अनेकांना असते. मनाली २,०५० मीटर, कुंझुम ४,५५१. एका दिवसात अडीच हजार मीटर चढल्यावर स्पितीतल्या काझ्याला पोचलेला माणूस जेवत नाही, बोलत नाही, डोकं धरून पडतो. शिमल्याकडून दिवस जास्त लागतात, पण उंची हप्त्याहप्त्याने अंगावर येते: शिमला २,२००, कल्पा २,९६०, नाको ३,६६० च्या आसपास, मग ताबोला चक्क उतार, ३,२८०. नाकोला डोकं जड झालेलं असलं तर ताबोच्या मुक्कामी ते हलकं होतं. मगच काझा.

नुसतं डोकं दुखत असेल तर पाणी, आराम, आणि त्या रात्री आणखी वर जायचं नाही. मळमळ वाढली, चालताना तोल जायला लागला, शब्द अडखळायला लागले, तर गोळ्या शोधत बसण्यात अर्थ नाही. खाली उतरायचं, लगेच. मेडिकलमधला ऑक्सिजनचा डबा काही मिनिटांत संपतो, त्याच्या भरवशावर रात्र काढू नये. अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर तसं आधी सांगायचं. नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून. त्याने बोटांना मुंग्या येतात, सारखं लघवीला उतरावं लागतं आणि सोडा बेचव लागतो. आजारपण समजून घाबरणारे पुष्कळ असतात, तो फक्त गोळीचा गुण.

मंगळवार

रामपूरला सतलजच्या काठी जूनमध्ये उकडतं. लोकरीचे कपडे वर काढून ठेवलेल्या गाड्या तिथे हसण्याचा विषय होतात. ज्योरीच्या पुढे मात्र डोंगर जवळ येतो आणि तरंड्यापाशी तर रस्ता कड्यातच कोरलेला आहे: डोक्यावर दगडाचं छप्पर, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला थेट नदी. तिथल्या देवीपुढे ट्रकवाले थांबतात, प्रसाद घेतात, मगच पुढचा गिअर टाकतात. आपणही थांबावं. श्रद्धा नसली तरी पाच मिनिटांत ब्रेकचे ड्रम गार होतात.

आपल्याकडच्या माणसाची इथे एक गफलत होते. वरंधा, कशेडी, ताम्हिणी घासून आलेला हात चांगला असतो, वळणावर हॉर्न देतो, उतारावर न्यूट्रल करत नाही. पण सह्याद्रीत दरड पावसाने येते हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. किन्नौरमध्ये स्वच्छ उन्हातही दगड सुटतात. रात्री फटीतलं पाणी गोठून फुगतं, कातळ सैल करतं. सकाळी ऊन लागलं की बर्फाची ती पाचर वितळते आणि दगड निघतो. दुपारचा वारा उरलेलं काम करतो, शिवाय वर चरणाऱ्या शेळ्या. म्हणून रस्त्यावर ताजी, धूळ न बसलेली खडी दिसली की थांबून काच खाली करायची, गाणी बंद करायची आणि वर बघायचं. आवाज आधी येतो. एक-दोन मिनिटं काही हललं नाही तर न थांबता पलीकडे जायचं. कड्याखाली फोटोला गाडी उभी करणाऱ्याला तिथले ड्रायव्हर शिव्या देतात, त्या वाजवी असतात.

समोरून हिमाचल परिवहनची बस आली तर मान ठेवायचा. चढणाऱ्या गाडीला आधी वाट, हा घाटातला नियम. पण बस उतरत असली तरी रिव्हर्स आपणच घ्यावा, कारण रुंद जागा कुठे आहे हे त्या ड्रायव्हरला पाठ असतं आणि तो हाताने दाखवतो. तळवा खाली दाबला म्हणजे हळू, दोन बोटं वर म्हणजे मागे आणखी दोन गाड्या आहेत. रिव्हर्स घेताना डोंगराची बाजू धरायची. दरीकडचा कठडा नसलेला काठ मातीचा असतो, टायरच्या वजनाने तो खचतो.

बुधवार

पेट्रोल. किन्नौरमधल्या पोवारीला टाकी काठोकाठ, मग थेट काझ्याला, मधे सुमारे २०० किलोमीटर. काझ्याच्या पंपावर १२,२७० फूट असं लिहिलेलं आहे. तिथून मनालीकडे जातानाही जवळपास तेवढाच पल्ला कोरडा. हिशेब मात्र मैदानातल्या अ‍ॅव्हरेजने करायचा नाही. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तासन् तास चालणारी गाडी २० ऐवजी १३-१४ देते. बुलेटवाल्यांनी पाच लिटरचा कॅन घ्यावा, गळा घट्ट असलेला आणि सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला बांधलेला.

कुंझुमच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ५७-५८ टक्के असतो. टर्बो नसलेलं इंजिन तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ताकद गमावतं. जुन्या कार्ब्युरेटरच्या बुलेटला तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी होते, प्लग काळा पडतो, ती फटफटते आणि बंद पडते. प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा, एअर फिल्टर झटकायचा. एक नवा प्लग खिशात असला की झोप चांगली लागते.

टायरच्या हवेबद्दल सगळे वाद घालतात, म्हणून हिशेबच मांडून ठेवतो. चंडीगडला ३८ अंशांत ३३ ची हवा भरली. वर बाहेरचा दाब कमी, म्हणून गेजवर हवा जवळजवळ ६ ने जास्त दिसायला हवी. पण पहाटे ५ अंशांत टायरमधली हवा आकसते आणि आकडा पुन्हा ३३-३४ वर येतो. तोच टायर दुपारच्या उन्हात, दगडांवर घासून तापला की ३९-४० दाखवतो. माणूस घाबरून हवा सोडतो. मग दोन दिवसांनी खाली मैदानात टायर २७ वर, कडा खाल्ल्या जातात आणि दोष जातो टायर कंपनीला. हवा सकाळी, गाडी हलायच्या आधी बघायची. दगडगोट्यांच्या पट्ट्यात २-३ ने कमी ठेवली तर पकड बरी मिळते, पण हात-पंप बरोबर असेल तरच.

बाकी पेटीत थोडकंच: क्लचची आणि अ‍ॅक्सिलरेटरची वायर, फ्यूज, पंक्चरचं सामान, टोची दोरी, जॅकखाली ठेवायला एक फळी (मातीत जॅक रुततो, हे फळी विसरल्यावरच आठवतं), आणि एम-सील. दगड लागून इंजिनाचं चेंबर चिरलं तर ऑइल पुसून, जागा घासून कोरडी करून एम-सील लावायचं आणि एक-दोन तास सुकू द्यायचं. पेट्रोलची टाकी पाझरत असेल तर अंघोळीच्या साबणाची वडी त्या भेगेवर घासतात, तेवढ्यावर गाडी गॅरेजपर्यंत जाते.

शनिवार

मधले दोन दिवस लिहायला जमलं नाही. आज खाबपासून.

खाबला सतलज आणि स्पिती भेटतात. एक राखाडी, एक त्याहून गढूळ. तिथून हायवे सोडून स्पितीचं बोट धरायचं. वर 'का' गावाच्या वळणांची शिडी चढून नाको, मग मलिंग नाला, जिथे पूर्वी वाहनांच्या अख्ख्या रांगा दोन्ही बाजूंना ताटकळायच्या. सुमदोला पारेछू येऊन मिळते. वर तिबेटमध्ये २००४ साली दरड कोसळून या नदीत तलाव साचला होता, तो २६ जून २००५ ला फुटला आणि सतलजवरचे पूल वाहून गेले. त्या रस्त्यावरचे काही पूल इतके नवे आणि उंच का, याचं उत्तर तिथे आहे.

ताबोचा गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, ९९६ सालचा. बाहेरून मातीचा ओबडधोबड ढिगारा दिसतो आणि आत भिंतभर चित्रं. फ्लॅश नाही, फोटो नाही, टॉर्च हलक्या हाताने. १९ जानेवारी १९७५ च्या भूकंपाने त्याला तडे दिले तरी तो उभा राहिला. संध्याकाळी अंगणात बसलं की जर्दाळूच्या झाडांमधून वारा येतो आणि कुणीतरी 'जुले' म्हणतं. नमस्कार, आभार, येतो, सगळ्याला तो एकच शब्द पुरतो.

काझ्याहून वर लांग्झा. मुलं तळहातावर काळे दगड घेऊन येतात, फोडले की आत चक्राची नक्षी. देव्हाऱ्यातला गंडकीचा शाळिग्राम ज्याने पाहिला आहे त्याला ओळख पटायला क्षण लागत नाही. दोन्ही एकाच आटलेल्या टेथिस समुद्रातल्या अमोनाइट या शंखवाल्या जिवांचे ठसे, कोट्यवधी वर्षांपूर्वीचे. बघायचे, हातात धरायचे, विकत घ्यायचे नाहीत. एकाने घेतले की दुसऱ्या दिवशी डोंगर आणखी थोडा खणला जातो.

जेवणाचं एक. लांग्झा, हिक्कीम या ४,४०० मीटरच्या पट्ट्यात पाणी ८५-८६ अंशांनाच उकळतं. कुकरशिवाय राजमा शिजत नाही, म्हणून घाईत 'डाळ-भात लगेच द्या' म्हणायचं नाही. थुक्पा, म्हणजे नूडल्सचं सूप, मागावा. आणि गाडी रात्री उभी करताना तोंड पूर्वेला ठेवावं, सकाळचं पहिलं ऊन बॉनेटवर पडतं. हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही: नाल्यातून आलेल्या ओल्या गाडीचे ब्रेक थंडीत चिकटून बसतात. गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावायचा, आणि निघताना तो दगड रस्त्यात सोडून जायचा नाही.

रविवार

बातल ते ग्रांफू. सुमारे ५० किलोमीटर, चार ते पाच तास. बाकी सगळा फेरा या पट्ट्याची तयारी असतो असं माझं ठाम मत आहे.

कुंझुमला देवळाला गाडीसकट प्रदक्षिणा घालून उतरलं की बातलला चंद्रा नदी. काझ्याहून पहाटे निघालेला माणूस इथे दहाला पोचतो आणि मग पुढचे नाले नेमके भरत्या पाण्यात गाठतो. त्यापेक्षा आदला मुक्काम लोसरला किंवा चंद्रतालच्या तंबूंत करावा. तंबू तलावापासून दूर आहेत, काठावर मुक्कामाला मनाई आहे, आणि ती योग्यच. पहाटे साडेपाचला निघायचं, बातलच्या ढाब्यावर चहा-ऑम्लेट, आणि लगेच पुढे.

वरच्या हिमनद्या रात्री गोठलेल्या असतात, त्यामुळे सकाळी नाला दमलेला असतो. नऊनंतर ऊन लागतं, वितळलेलं पाणी खाली पोचायला दोन-तीन तास लागतात आणि बारानंतर तोच नाला दगड लोळवायला लागतो. पाण्याखालून गडगड ऐकू आली तर ते दगड लोळताहेत. उतरायचं नाही, सकाळपर्यंत थांबायचं.

पाणी कमी असलं तरी आधी पायी बघावं. शांत, गुळगुळीत दिसणारी जागा खोल असते. जिथे पाणी पसरट होऊन खळखळतं, तिथे ते उथळ. गुडघ्याच्या वर असेल तर लहान गाडी घालू नये. नजर पाण्यावर ठेवली की गाडी प्रवाहाबरोबर वाहते असा भास होतो, म्हणून नजर पलीकडच्या काठावर. पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा. हाफ क्लचवर ओढलं की प्लेट जळते, तो करपट वास दरीभर पसरतो. मधे गिअर बदलला तर गती तुटते आणि चाक दोन गोट्यांमध्ये बसतं. बसलंच तर रेस वाढवायची नाही, चाक आणखी खोल जातं. थोडं मागे, थोडं पुढे, नाहीतर उतरून चाकापुढचा गोटा हलवायचा.

आणि पाण्यात इंजिन बंद पडलं तर चावी फिरवायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही, रॉड वाकतो आणि पाचशे रुपयांची अडचण लाखाची होते. ढकलून बाहेर काढा, एअर फिल्टर उघडा. तो कोरडा असेल तरच स्टार्टर. पलीकडे गेल्यावर शंभरेक पावलं ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवायची, लायनर सुकतात.

बुलेटवर बसलेल्याचं तंत्र निराळं. सामानासकट मागचा माणूस आधी उतरवायचा, बूट ओले होणारच हे मान्य करायचं. पाय दगडांवर टेकवत नेण्यापेक्षा फुटपेगवर उभं राहून नेलेली गाडी सरळ जाते. पडलीच तर आधी किल स्विच, मग गाडी उचलणं, मग मोबाइल.

छोटा दारा, छतडू, मग ग्रांफू. तिथे डांबर लागतं आणि सगळ्यांचे खांदे एकदम खाली येतात. कोकसर ओलांडून अटल बोगदा, ९.०२ किलोमीटर. आत शिरताना बाहेर कोरडी, पिवळी दरी असते. पलीकडे पीरपंजालच्या दक्षिणेला देवदार, धुकं, आणि जुलै-ऑगस्टात हमखास पाऊस. आठ दिवसांची धूळ काचेवर असते, त्यावर थेंब पडले की हात आपोआप वायपरकडे जातो. तो लगेच लावायचा नाही, बारीक वाळूने काच ओरखडते. आधी काचेवर पाणी मारायचं, दोनदा, भरपूर.