शेरवूडचं रान, ब्रिस्टलच्या झाडीत

रॉबिन हूड शोधायला लोक नॉटिंगहॅमला, तिथल्या शेरवूडच्या रानात जातात. मी ब्रिस्टलला गेले, कारण माझा रॉबिन तिथल्या झाडीत वावरला होता. ‘रॉबिन ऑफ शेरवूड’ ही रिचर्ड कार्पेंटर यांच्या कल्पनेतून उतरलेली मालिका. आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीवर १९८४ ते १९८६ या काळात तिची तीन पर्वं, म्हणजे २६ भाग झाले. ती एचटीव्ही या कंपनीने केली आणि बरंचसं चित्रीकरण ब्रिस्टलच्या आसपासच झालं. तिचं खूपसं रान म्हणजे शहराच्या वायव्येला हेनबरीतली ‘ब्लेझ कासल’ची झाडी.

बसमधून उतरल्यावर आधी गवताचं मोठं पटांगण लागतं. मुलं फुटबॉल खेळत असतात, कुत्री धावत असतात. इथे कुठलं रान, असं वाटेपर्यंत पायवाट एकदम खाली उतरते आणि दोन्ही बाजूंना चुनखडीचे कडे उभे राहतात. तळाशी हेझल ब्रूकचा ओढा. मे महिना होता, रानलसणाचा उग्र वास घळभर पसरला होता. झाडांतून उन्हाच्या तिरप्या पट्ट्या पडल्या होत्या आणि मला ती मालिका जशीच्या तशी दिसायला लागली. धुकं, मागून आलेला प्रकाश आणि त्यात उभा शिंगं ल्यालेला हर्न, मालिकेतला वनदेव. मालिकेला क्लॅनड या आयरिश बँडने दिलेलं संगीत माझ्या डोक्यात आपोआप वाजू लागलं.

जुन्या पोवाड्यांतल्या रॉबिनच्या गोष्टीत जादू जवळपास नाहीच. हर्नसुद्धा शेरवूडचा नव्हे. तो विंडसरच्या जंगलातला शिंगवाला भुताटकीचा रखवालदार, शेक्सपिअरच्या एका विनोदी नाटकात त्याचा उल्लेख येतो. कार्पेंटर यांनी त्याला उचलून शेरवूडमध्ये आणलं आणि वनदेव केलं. हे फार धाडसाचं होतं आणि माझ्या मते मालिकेतलं सगळ्यात सुंदर काम तेच. जॉन अबिनेरी यांचा हर्न एरवी एक थकलेला म्हातारा असतो. हरणाचं मुंडकं चढवलं की त्याच्या अंगात देव येतो. देवीच्या जत्रेत वाढलेल्या मला ते कधी समजावून सांगावं लागलं नाही.

या घळीला स्वतःचीही दंतकथा आहे. गोरम आणि व्हिन्सेंट हे दोन राक्षस भाऊ एकीच्या प्रेमात पडले, तिच्यासाठी डोंगर खोदायला बसले. व्हिन्सेंटने एव्हन नदीची मोठी घळ खोदली. गोरम दारू पिऊन इथेच झोपला आणि हरला. त्याची दगडी ‘खुर्ची’ अजून दाखवतात. अशा जागी हर्न उपरा वाटेल तरी कसा?

वर टेकडीवर छोटासा किल्ला दिसतो, तो मध्ययुगीन नाही. टॉमस फार या व्यापाऱ्याने १७६६ साली हौसेखातर बांधला. त्याचा पैसा साखरेच्या आणि गुलामांच्या व्यापारातला. रॉबिनच्या टोळीने ज्या रानात गरिबांची बाजू घेतली, त्याच्याच माथ्यावर ही वास्तू आहे, हे मला तिथे उभं राहून फार टोचलं.

ब्रिस्टलहून आगगाडीने बाथमार्गे ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनला गेले. तिथलं चौदाव्या शतकातलं दगडी कोठार मालिकेत नॉटिंगहॅमच्या किल्ल्याचा अंतर्भाग म्हणून वापरलं. सुमारे ५१ मीटर लांब, वर दगडी फरशांचं छप्पर, त्याचं वजन सुमारे १०० टन, आणि ते पेलणाऱ्या ओकच्या तुळया उलट्या ठेवलेल्या गलबताच्या फासळ्यांसारख्या. शाफ्ट्सबरीच्या जोगिणींच्या मठाचं हे कोठार. मठाच्या जमिनीवरचं धान्य इथे येऊन पडायचं. निकोलस ग्रेसचा शेरीफ, म्हणजे रॉबिनचा वैरी असलेला नॉटिंगहॅमचा अधिकारी, इथे चिडचिड करत फिरत होता, हे आठवून मी दाराशी बराच वेळ बसले. ज्या धान्यासाठी मालिकेतले शेतकरी नागवले जातात, तसंच धान्य या भिंतींनी खरोखर पाहिलं आहे.

मला या मालिकेबद्दल मनापासून सांगायचं आहे ते एवढंच, की तिने रॉबिनला एका माणसापुरतं ठेवलं नाही. रॉबिन झालेला नट मायकल प्रेड अमेरिकेत काम करायला निघाला, तेव्हा दुसऱ्या पर्वाच्या शेवटी त्याचा लॉक्स्लीचा रॉबिन टेकडीवर मारला जातो. शेवटचा बाण सोडतो, धनुष्य मोडतो, आणि शिपाई त्याला घेरतात. मग हर्न दुसऱ्याला निवडतो: हंटिंग्डनच्या सरदाराचा मुलगा रॉबर्ट, म्हणजे जेसन कॉनरी. कथापरंपरेत रॉबिन कुठे साधा कुळवाडी आहे, तर १५९८ च्या सुमाराच्या अँथनी मंडे यांच्या नाटकांपासून सरदार. दोन्ही परंपरा एकाच गोष्टीत बसवायला इतका चांगला मार्ग मी दुसरीकडे पाहिला नाही. मुखवटा तोच, त्याखालचा माणूस बदलतो.

त्याच टोळीत मार्क रायनचा नासिर हा सारासेन, म्हणजे क्रूसेडच्या काळातला मुस्लिम योद्धा आहे. त्याला पहिल्याच कथेत मारायचं ठरलं होतं, पण तो ठेवला गेला. पुढे रॉबिन हूडच्या पडद्यावरच्या गोष्टींत मुस्लिम साथीदार जणू हक्काचा झाला.

दोन्ही ठिकाणं एका दिवसात होतात. कोठार पाहायला पैसे लागत नाहीत, घळीत उतरताना बूट मात्र चांगले घाला. निघण्याआधी दुसऱ्या पर्वाचा शेवटचा भाग आणि तिसऱ्याची सुरुवात सलग पाहा, मध्ये थांबू नका.