कॅम्परसाठी बॉक्स ट्रेलर: आधी मंजुरीचा कागद, मग वेल्डिंग

कॅम्पर, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, करायला तळोज्यात बंद बॉक्सचा ट्रेलर बांधून घेतला. बांधणी पंधरा दिवसांत झाली, कागदांनी सात आठवडे खाल्ले.

नोंदणीचा फॉर्म 20 आपण भरायचा. फॉर्म 21 (विक्रीचा दाखला) आणि फॉर्म 22 (रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचा दाखला) बनवणाऱ्याकडून घ्यायचे. बॉडी वेगळ्याने बांधली असेल तर त्याचा 22-अ. एवढं सगळे सांगतात. ट्रेलरला यावर डिझाइन मंजुरीची प्रतही लागते, केंद्रीय मोटार वाहन नियम 47 मध्ये तसं लिहिलंय, हे मात्र कुणी सांगत नाही. आमच्या फॅब्रिकेटरकडे मंजुरी होती, पण उघड्या आणि आखूड ट्रेलरची. ‘‘साहेब, हीच चालते.’’ नाही चालली. कागदावरची मापं आणि समोरचा ट्रेलर जुळेना, आरटीओतून फाइल परत. मग फॅब्रिकेटरचं दर सोमवारी ‘उद्या या’. तोवर मी नव्वद टक्के पैसे देऊन बसलेलो, त्यामुळे त्याला कसली घाई! ॲडव्हान्स देण्याआधीच प्रत मागा, लांबी-रुंदी, एक्सल आणि एकूण वजन आपल्या ऑर्डरशी ताडून पाहा. निम्मी रक्कम नोंदणी होईपर्यंत हातात ठेवा.

वजनाचं गणित इथेच करा. एकूण वजन 750 किलोपर्यंत असेल तर ट्रेलर टी-1 वर्गात, त्यावर 3.5 टनांपर्यंत टी-2. रिकामा ट्रेलर वजनकाट्यावर चढवा, तोंडी आकडा ऐकू नका. 500 भरला तर 750 मध्ये उरतात 250. त्यात 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो, 18 मिमी प्लायची 8×4 ची एक शीट साधारण 35. पुढे खिडक्या-बेड बसवून आरसीतला तपशील बदलत असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 लागू होतं. परवानगी आधी घ्या.

बांधणी पाहायची ती खाली आडवं पडून. ट्रेलरच्या फ्लोअरखालचे आडवे मेंबर (लोखंडी पट्ट्या) 16 इंचांच्या अंतरावर हवेत. 24 वर असले तर प्लाय झोल खातो. 50×50 ची ट्यूब 3 मिमी सांगून 2 मिमी लावतात, कापलेल्या टोकाला व्हर्नियर (जाडी मोजायचं कॅलिपर) लावा. मीटरमागे 3 मिमीची सव्वाचार किलोच्या आसपास भरते, 2 मिमीची तीन. ट्यूबची टोकं उघडी नकोत, इथल्या पावसात आतून गंजतात. ॲल्युमिनियमचा पत्रा थेट लोखंडावर रिव्हेट केला तर तिथे पत्रा खाल्ला जातो, मध्ये ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) हवी.

अरे हो, हूकवरचं वजन एकूणच्या 10 ते 15 टक्के ठेवा, कमी पडलं तर शेपूट डुलते. आणि ताबा घेण्याआधी एकाला टॉर्च देऊन आत कोंडा, छताच्या सांध्यांवर पंधरा मिनिटं पाइपने पाणी मारा. आमचा मागच्या दाराच्या वरच्या कोपऱ्यात गळला.