जोडमशीन: आमची वाटचाल

आमच्या व्यवसायाची सुरुवात मालवणात, घरामागच्या पडवीत, पाण्याने भरलेल्या एका पिंपापासून झाली. २०० लिटरच्या त्या लोखंडी पिंपाच्या काठावर फणसाची जाड फळी बसवलेली होती. तिच्यावर आउटबोर्ड मशीन (होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून लावायचे मशीन) अडकवायचे, दोरी ओढून सुरू करायचे आणि मागच्या छिद्रातून थंडाव्याच्या पाण्याची धार नीट पडते की नाही ते पाहायचे, एवढेच आमचे सुरुवातीचे काम होते. वडील होड्यांची डिझेल मशिने दुरुस्त करीत असत. त्यांच्या हाताखाली शिकताना माझे लक्ष मात्र कोपऱ्यात पडलेल्या लहान पेट्रोल मशिनांकडे जाई, कारण त्यांच्याकडे कोणी गांभीर्याने पाहत नव्हते.

होडीचे मुख्य मशीन आत बसवलेले डिझेलचे असते. त्याच्या जोडीला मागच्या फळीवर २ ते १० अश्वशक्तीचे जे आउटबोर्ड लावतात, त्याला आम्ही जोडमशीन म्हणतो. शिडाच्या होडीवर वारा पडल्यानंतर किनारा गाठण्यासाठीही हेच उपयोगी पडते. वर्षातून फार तर चार वेळा त्याची गरज लागते, आणि नेमके त्या चार वेळांना ते सुरू व्हावेच लागते.

पहिली चार-पाच वर्षे आम्ही अशी मशिने विकत होतो आणि बंद पडली तर दुरुस्त करीत होतो. मग एका वर्षी मे महिन्याच्या अखेरीस आमच्याच एका गिऱ्हाइकाची २४ फुटी होडी देवबागच्या पुढे, कर्ली खाडीच्या तोंडाशी अडकली. मुख्य मशीनच्या पंख्यात (पाण्यात फिरून होडी ढकलणाऱ्या प्रोपेलरमध्ये) जाळ्याचा तुकडा गेला होता, ओहोटी जोरात होती आणि होडी फुटणाऱ्या लाटांकडे ओढली जात होती. तांडेलाने (होडीच्या प्रमुखाने) जोडमशीनची दोरी किती वेळा ओढली ते त्याला सांगता आले नाही. त्याचा तळहात मात्र सोललेला होता. नांगर धरला म्हणून माणसे वाचली, आणि दुसऱ्या होडीने त्यांना ओढून आणले. ते मशीन आम्हीच विकलेले होते. मी कार्बुरेटरची वाटी उघडली तेव्हा तळाशी तपकिरी, चिकट थर साचलेला होता आणि जेटच्या, म्हणजे पेट्रोल जाण्याच्या सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून उजेडही दिसत नव्हता. टाकीतले पेट्रोल मागच्या गणपतीपासूनचे होते. मशीनमध्ये दोष नव्हता. ते दर पंधरवड्याला दहा मिनिटे चालवायला हवे, हे आम्ही विकताना सांगितलेच नव्हते.

त्या दिवसापासून आमच्या कामाची रीत बदलली. पत्नीने एक जाड वही घातली आणि प्रत्येक मशीनला त्यात एक पान दिले: क्रमांक, होडीचे माप, इम्पेलर (थंडाव्याचे पाणी वर ओढणारे रबरी चक्र) कधी बदलला, गिअर ऑइल कधी बदलले, प्लग कधी पाहिला. आज अशा नऊ वह्या भरल्या आहेत, आणि आमच्या व्यवसायाची खरी पुंजी मी त्यांनाच मानतो.

मशीन निवडताना गिऱ्हाईक बहुधा पहिला प्रश्न अश्वशक्तीचा विचारतो. आम्ही त्याला होडीचे भरलेले वजन विचारतो. पाणी कापत जाणाऱ्या जड होडीला एका टनामागे साधारण ४ अश्वशक्ती पुरते. माणसे, जाळी, बर्फ आणि इंधन धरून दीड टन भरणाऱ्या होडीला ६ अश्वशक्तीचे मशीन खाडीच्या ओढीविरुद्धही बाहेर काढते. त्यापेक्षा मोठे मशीन लावून वेग वाढत नाही, कारण अशा होडीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीने बांधलेला असतो. पाण्यात २० फूट बसणारी होडी सहा नॉटच्या (ताशी सुमारे ११ किलोमीटरच्या) आसपास अडते, आणि पुढची सगळी ताकद मागची बाजू पाण्यात दाबण्यात खर्च होते. पंख्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा जितका पुढे सरकायला हवा ते अंतर, मात्र आम्ही जरूर पाहतो. हलक्या होडीसाठी कारखान्यातून ८ इंच पिचचा पंखा येतो. जड होडीला ६ किंवा ७ इंचांचा लावला तर तेच मशीन न घुसमटता पूर्ण फेऱ्यांवर चालते.

वजनाचाही विचार करावा लागतो, कारण हे मशीन पुष्कळदा एकट्या माणसाला उचलून लावावे लागते. तोहात्सूची ४, ५ आणि ६ अश्वशक्तीची फोर-स्ट्रोक मशिने एकाच १२३ सीसीच्या सिलिंडरवर बांधलेली आहेत आणि तिन्हींचे वजन २५ किलोंच्या आसपास आहे. तेव्हा किमतीतला फरक परवडत असेल तर ४ घेण्यात काही हशील नाही. अगदी लहान पडावासाठी होंडाचे २.३ अश्वशक्तीचे, सुमारे १३.५ किलोंचे मशीन हवेवर थंड होते, त्यामुळे त्याला इम्पेलरची काळजीच नाही, पण त्याचा आवाज बराच मोठा असतो.

शाफ्टच्या (मशीनपासून खाली पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या) लांबीत आम्ही सुरुवातीला स्वतः चूक केली आहे. शाफ्ट साधारणपणे १५, २० आणि २५ इंची मिळतात, आणि मागच्या फळीच्या माथ्यापासून तळापर्यंतची उंची मोजूनच त्यांतला एक निवडावा लागतो. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा त्याखाली इंचभर आली पाहिजे. आचऱ्याच्या एका होडीला आम्ही, तयार होते म्हणून, आखूड शाफ्टचे मशीन दिले. शांत खाडीत ते उत्तम चालले; पण बाहेर लाटेवर मागची बाजू उचलली की पंखा हवा ओढायचा, मशीन किंचाळायचे आणि होडी जागची हलायची नाही. आम्ही ते परत घेतले, लांब शाफ्टचे बदलून दिले आणि फरकाची रक्कम स्वतः सोसली. आता होडी प्रत्यक्ष मोजल्याशिवाय आम्ही मशीन देत नाही, मग त्यासाठी वेंगुर्ले किंवा देवगडला जावे लागले तरी चालेल.

जुनी टू-स्ट्रोक मशिने आजही आमच्याकडे दुरुस्तीला येतात. ती हलकी आणि सोपी असतात, पण पेट्रोलमध्ये तेल मिसळण्याचे प्रमाण चुकले की पिस्टन धरतो. ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल असे प्रमाण असेल तर १० लिटरला २०० मिलिलिटर तेल मापूनच घालावे, अंदाजाने ओतू नये. फोर-स्ट्रोकला ही कटकट नाही, पण ते आडवे ठेवताना कारखान्याने दाखवलेल्या बाजूवरच ठेवावे लागते, अन्यथा तेल सिलिंडरमध्ये उतरते आणि पुढच्या वेळी दोरी ओढताच येत नाही.

मे २०२१ मधल्या तौक्ते चक्रीवादळाने आमची खरी परीक्षा घेतली. वादळानंतर आमच्या अंगणात पाण्याखाली गेलेल्या मशिनांची रांग लागली. ज्यांनी मशीन बाहेर काढल्याबरोबर गोड्या पाण्याने धुऊन त्याच दिवशी आणले, त्यांची जवळजवळ सगळी वाचली: प्लग काढून सिलिंडरमधले पाणी बाहेर काढले, कार्बुरेटर सोडवून धुतला, तेल दोनदा बदलले आणि लगेच पिंपावर तासभर चालवले. ज्यांनी मशीन कठड्यावर उन्हात वाळत ठेवले, त्यांचे आतले बेअरिंग हवा लागताच गंजले होते. कारागिराकडे लगेच नेणे शक्य नसेल तर बुडालेले मशीन गोड्या पाण्यात बुडवूनच ठेवावे. हे ऐकायला विचित्र वाटते, पण गंज धरायला हवा लागते.

नेहमीच्या देखभालीत आम्ही सर्वांत जास्त बोलतो ते पाण्याच्या धारेबद्दल. एक दिवस एक तरुण मशीन खांद्यावर घेऊन आला आणि म्हणाला, "भाऊ, मशीन चालू आसा, पण पानी येणा नाय." चार बोल्ट काढून खालचा भाग उतरवला, तर इम्पेलरच्या सहा पात्यांपैकी दोनच शिल्लक होती. कोरड्यावर मशीन चालवले की हे रबर मिनिटभरातही जळते. आम्ही नवा इम्पेलर बसवण्याआधी तुटलेल्या चारही पात्यांचे तुकडे शोधून काढले. ते पाण्याच्या वाटेत वर चढून थर्मोस्टॅटपाशी अडकले होते. तसेच राहिले असते तर नवा इम्पेलर असूनही मशीन तापले असते. इम्पेलर दोन वर्षांत बदलावा, आणि रेतीच्या पाण्यात चालत असेल तर दर वर्षी.

दुसरा शत्रू तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा. पंख्यामागे गुंडाळलेला तंगूस शाफ्टबरोबर फिरत राहतो आणि ऑइल सील कापतो. मग गिअरमध्ये पाणी शिरते आणि तेल ताकासारखे पांढरे होते. म्हणून महिन्यातून एकदा पंखा काढून पाहावा, दांड्याला पाण्यात न विरघळणारे ग्रीस लावावे, आणि गिअर ऑइल भरताना खालच्या स्क्रूच्या छिद्रातून वर चढवत, वरच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत भरावे. वरून ओतले तर आत हवा अडकते. मशीनऐवजी स्वतः झिजण्यासाठी लावलेली झिंकची वडी अर्धी झिजली की बदलावी. तिच्यावर रंग कधीही लावू नये, कारण रंगवलेली वडी झिजत नाही आणि तिच्याऐवजी मशीनचे अॅल्युमिनियम झिजू लागते. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्यात दहा मिनिटे मशीन चालवण्याला मात्र दुसरा पर्याय नाही.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते आणि ते दमट हवेतले पाणी ओढते, त्यामुळे आमच्या किनाऱ्यावर साठवलेले पेट्रोल पूर्वीपेक्षा लवकर बिघडते. आम्ही पाणी वेगळे करणारा फिल्टर लावायला सांगतो, आणि महिन्याहून जुने पेट्रोल जोडमशीनच्या टाकीत ठेवू देत नाही. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायला माणसे विसरतात, तेव्हा मशीन पाच मिनिटे चालून बंद पडते. अशा "बिघाडा"साठी आलेल्या कोणाकडूनही आम्ही आजवर पैसे घेतलेले नाहीत.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात आमच्याकडे सर्वांत जास्त काम असते. पेट्रोलची नळी काढून मशीन आपोआप थांबेपर्यंत चालवायचे, प्लगच्या छिद्रातून तेलाची फवारणी करायची, गिअर ऑइल बदलायचे आणि मशीन उभेच ठेवायचे. नारळी पौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात ती सगळी पुन्हा पिंपावर चढतात. पिंप आता प्लास्टिकचे आहे, फळी अजून तीच आहे. धाकटा मुलगा दोरी ओढतो, मुलगी वही उघडून बसते, आणि दुसऱ्या ओढीत मशीन सुरू होऊन धार पडली तरच त्या पानावर तारीख पडते.